हिलाल, ग्यासबत्ती आणि डिमर

आमच्या कडोलीतील घराच्या माळ्यावर एक ग्यासबत्ती अद्याप पडून आहे. काच फुटलेली, पंपाचा वॉशर सुकून गेलेला. जत्रेच्या नाटकास ती आमच्याकडून जात असे, एवढेच तिच्याविषयी घरात सांगितले जाते. ती कोण पेटवी, ऐन प्रवेशात उजेड मंदावला की पुढे होऊन पंप कोण मारी, हे आता कुणासच सांगता येत नाही. हस्तपत्रिकेवर लेखकाचे, दिग्दर्शकाचे, पेटीवाल्याचे, फार काय सीनसीनरीवाल्याचेही नाव असे; बत्तीवाल्याचे नसे. रंगभूमीचे आपले इतिहासही बहुधा त्या हस्तपत्रिकेच्याच वळणाने लिहिले गेले आहेत.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, त्या काळची रंगभूमी तेलाच्या दिव्यांची आणि हिलालांची. हे दिवे नुसते उजेडापुरते नव्हते. राक्षसाचे पात्र आले की पेटत्या हिलालावर राळ उडवीत; क्षणभर लखलखाट होई, धूर उठे आणि त्यातून आरोळी ठोकीत राक्षस प्रकट होई. या पौराणिक खेळांना पुढे ‘अललडुर्र’ म्हणून हिणवण्यात आले. परंतु प्रकाशाचा हेतुपुरस्सर केलेला नाट्यमय उपयोग आपल्याकडे प्रथम कोठे दिसतो, असे विचारल्यास प्रस्तुत लेखक त्या राळेकडेच बोट दाखवील.

संगीत नाटकाचा जनक आपल्याच जिल्ह्यातला. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ मध्ये गुर्लहोसूरचा. त्यांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. पुढच्याच वर्षी लंडनचे सव्हॉय नाट्यगृह विजेच्या दिव्यांनी उजळले; आपल्याकडच्या फिरत्या मंडळ्यांस मात्र त्यानंतरही दीर्घकाळ तेलाच्या दिव्यांवर आणि मग किटसन बत्त्यांवर भागवावे लागले. किटसनमध्ये रॉकेलची दाबाखाली वाफ करून ती जाळीत पेटवीत. उजेड पांढरा व भरपूर. पण तो कमीअधिक करण्याची सोय नाममात्र. शिवाय पुढच्या कडेचे दिवे खालून वर उजेड टाकीत, नाकाची सावली कपाळाकडे जाई, आणि ती झाकण्यासाठी सफेदा-हिंगुळाचे थर चढत. जुन्या नटांची छायाचित्रे पाहून आजची मुले हसतात. त्यांनी तो चेहरा पायाशी ठेवलेल्या दिव्याच्या उजेडात पाहावा.

येथे एक अनुमान मांडावेसे वाटते. रात्रभर चालणाऱ्या नाटकात प्रकाश जवळजवळ एकाच पातळीवर राही. तपोवनातील दुपार, विरहाची संध्याकाळ, दरबार, उत्तररात्र, सारे त्याच उजेडात. मग काळाचा आणि भावाचा पालट दाखवायचा कुणी? ते काम रागांनी केले. भूप संपून भैरवी सुरू झाली की प्रेक्षकाच्या मनातला उजेड पालटे. संगीत नाटकाच्या उत्कर्षाची इतर कारणे थोर आहेतच. त्यांच्या रांगेत न मंदावणाऱ्या बत्तीलाही एक लहानशी जागा द्यावी, इतकेच म्हणणे.

१ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणली. रंगविलेले पडदे गेले, तीन भिंतींची खोली आली. खऱ्या खोलीत उजेड खिडकीतून यावा लागतो, दिवा लावला तर तो दिव्यापाशी अधिक दिसावा लागतो. दिशेचा हा विचार पडद्यांच्या नाटकाला करावाच लागला नव्हता.

वीज आली तरी डिमर महाग. त्यावर हौशी मंडळींनी काढलेली तोड म्हणजे मिठाच्या पाण्याचा डिमर. चिनी मातीच्या बरणीत मीठ घातलेले पाणी, तळाशी एक धातूची पट्टी, वरून दोरीने सोडलेली दुसरी. वरची पट्टी खाली जाईल तसा प्रवाह वाढे आणि दिवा हळूहळू उजळे. तासाभरात पाणी तापे, वाफ येई. ओला हात लागला तर जिवावरचे दुखणे. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बल्ब बसवून तोंडाला रंगीत जिलेटीन लावले की स्पॉट तयार. एवढ्या सामग्रीवर पहाट करून दाखविणारी माणसे होती, आणि ती पहाट पुष्कळदा खऱ्या पहाटेच्या थोडी आधीच उगवे.

अंधार हेही साधन आहे, हे मराठी प्रेक्षकास ठसठशीतपणे पटविले ते १९६२ च्या ‘तो मी नव्हेच’ने. आचार्य अत्र्यांचा लखोबा लोखंडे आपल्या निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, म्हणून या भागात त्या नाटकाविषयी विशेष जिव्हाळा. आणि किंचित संकोचही! प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका सर्वांच्या स्मरणात आहेत. न्यायालयातून भूतकाळात जाताना दिवे मालवत, फिरता रंगमंच फिरे, आणि उजेड होताच नव्या वेशातला तोच माणूस समोर उभा. तो मधला अंधार कुणीतरी घड्याळासारखा सांभाळत असे. तिकडे बंगालीत उत्पल दत्तांच्या ‘अंगार’ (१९५९) मध्ये तापस सेन यांनी केवळ प्रकाशाने कोळशाच्या खाणीत पाणी चढविले. त्यांचे नाव देशभर झाले. आपल्या बत्तीवाल्यांचे गावातही उरले नाही.

ज्यांच्या घरी जत्रेच्या नाटकांच्या जुन्या हस्तपत्रिका असतील, त्यांनी कृपया त्यांची मागली बाजू पाहावी. खर्चाचा हिशेब पुष्कळदा तिथेच पेन्सिलीने मांडलेला असतो. रॉकेल, स्पिरिट, मेंटल यांच्या रकमांपुढे एखादे नाव दिसल्यास ते उतरवून ठेवावे.