रेंडर सेटिंग्ज (संगणकीय ॲनिमेशन)

संगणकात रचलेल्या त्रिमितीय दृश्यातून एकेक फ्रेम काढताना संगणकाने किती बारकाईने आणि किती वेळ राबावे, हे ठरवणारी मूल्ये. रेझोल्यूशन, दर सेकंदाच्या फ्रेम, प्रत्येक पिक्सेलसाठी घ्यायचे सॅम्पल (नमुने), प्रकाशाची परावर्तने आणि फाइलचा प्रकार ही त्यांतली मुख्य.

या निवडीचा खरा कस सोलापुरी चादरीसारख्या वस्तूवर लागतो. जकार्ड मागावर विणल्या जाणाऱ्या, भौगोलिक मानांकन लाभलेल्या या सुती चादरीची नक्षी धाग्याधाग्याने उठते. कॅमेरा तिच्यापासून दूर जाऊ लागला की धागे पिक्सेलपेक्षा बारीक होतात. मग दर फ्रेममध्ये सॅम्पल वेगळ्याच धाग्यांवर पडतात, एका चित्रात सुरेख दिसलेली वीण पडद्यावर लुकलुकू लागते आणि मुळात नसलेल्या लाटा तिच्यावर उमटतात. म्हणून एकाच फ्रेमवरून सेटिंग कधीही पक्के करू नये. तोच तुकडा दोन-तीन सेकंद हलताना पाहावा.

सॅम्पल वाढवले की वीण स्थिरावते, पण चित्रातले दाणे (नॉइझ) निम्मे करायला सॅम्पल चौपट लागतात. दाणे पुसणारा डीनॉइझर हा खर्च वाचवतो. मात्र बारीक विणीलाच दाणे समजून तो ती पुसू शकतो, म्हणून त्याला पृष्ठभागाच्या मूळ रंगाचे आणि दिशेचे पासही (वेगळी काढलेली चित्रे) पुरवावेत. लांबच्या दृश्यात धागे रचण्यापेक्षा सरासरी रंगाचा पोत लावणे केव्हाही शहाणपणाचे.

परावर्तनांची गोष्ट सोपी आहे. ब्लेंडर या मोफत प्रणालीतील सायकल्स रेंडररमध्ये मुळात १२ परावर्तने असतात. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावातील मंदिरासारख्या उघड्या आकाशाखालच्या दृश्याला बहुधा त्याहून कमी चालतात. काचेच्या वस्तूंना किंवा बंद खोलीला जास्त लागतात.

वेळेचा हिशेब आधी करावा. दूरचित्रवाणीच्या २५ फ्रेमच्या वेगाने ३० सेकंदांच्या जाहिरातीला ७५० फ्रेम लागतात. एका फ्रेमला २ मिनिटे धरली तरी यंत्र २५ तास अखंड चालते. १९२० × १०८० ऐवजी ३८४० × २१६० निवडल्यास पिक्सेल चौपट होतात आणि तेच काम साधारण १०० तासांवर जाते. मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या जाहिरातीसाठी हा खर्च व्यर्थ आहे. तो वेळ सॅम्पलना द्यावा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. तापलेले ग्राफिक्स कार्ड आपला वेग आपणच कमी करते, त्यामुळे तिथे हिशेबात थोडी सैल जागा ठेवावी आणि बराच वेळ चालणारी रेंडर रात्री लावावीत.

रेंडर थेट एमपीफोर फाइलमध्ये करू नये. मध्येच वीज गेली तर सगळी फाइल निकामी होऊ शकते. पीएनजी किंवा ईएक्सआर प्रकारच्या क्रमांकित चित्रांत काम साठवले, तर थांबलेल्या फ्रेमपासून ते पुन्हा सुरू करता येते.