हर्र बोला हर्र

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या यात्रेतील जयघोष. पूर्ण रूप ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’. ‘हर’ म्हणजे शिव. ‘र’च्या द्वित्वाने उच्चाराला जोर येतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास ७ नंदीध्वज (पूजेच्या उंच काठ्या) ६८ शिवलिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा म्हणजे प्रतीकात्मक विवाह होतो, तेव्हा हा जयघोष घुमतो. हे ‘हर हर महादेव’चेच स्थानिक रूप, असा आक्षेप घेता येईल. दोहोंत शिवनाम समान आहे, हे खरेच. पण येथे ‘बोला’ हे आज्ञार्थी क्रियापद समुदायाला थेट साद घालते आणि ‘भक्तलिंग’ हा शब्द घोषाला शिवभक्त शरणांच्या परंपरेशी जोडतो. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या या शहराचा तो सामाईक उद्गार आहे; म्हणून कोशांत त्याची स्वतंत्र नोंद हवी.