गुपी गवैया बाघा बजैया

उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या बंगाली अद्भुतकथेवरून रचलेला हिंदी अ‍ॅनिमेशनपट. दिग्दर्शन शिल्पा रानडे, पटकथा सौमित्र रानडे, निर्मिती बालचित्रसमिती, भारत. टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो २०१३ साली दाखविला गेला. चित्रपटगृहांचे दार उघडण्यास मात्र २०१९ चा मार्च उजाडावा लागला.

मूळ कथा १९१५ ची. बेसुऱ्या गायनापायी गावातून हद्दपार झालेला वाण्याचा मुलगा गुपी आणि तशाच अपराधासाठी बहिष्कृत झालेला ढोलवाला बाघा यांची अरण्यात गाठ पडते, त्यांच्या संगीतावर भुते प्रसन्न होतात आणि त्यांच्या वरांच्या बळावर हे दोघे पुढे राजदरबारापर्यंत पोहोचतात. अद्भुतकथेत भूत कोणाशी बोलते, हा प्रश्न दिसतो त्याहून गंभीर आहे. उज्जैनला देवास गेटच्या बसस्थानकावर उतरून महाकालाकडे निघालेल्या मराठी यात्रेकरूच्या मनात जो विक्रम आणि जो वेताळ बालपणापासून घर करून असतो, त्यांच्या कथेत वेताळाचा श्रोता राजाच असतो. रयतेतील कोणाची त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याइतकी योग्यता मानलेली नाही. (सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील हा राजा उज्जयिनीचा नव्हे, गोदातीरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे, पण लोककथा महसुली सरहद्दी जुमानीत नाहीत.) उपेंद्रकिशोरांच्या भुतांनी मात्र वंश, विद्या वा पराक्रम यांची कसलीही चौकशी न करता दोन टाकून दिलेल्या खेडवळांना वर दिले.

उपेंद्रकिशोरांचे नातू सत्यजित राय यांनी १९६९ च्या आपल्या चित्रपटात भुतांचीच वर्गवारी मांडली: राजे, शेतकरी, गोरे साहेब आणि पुरोहित-पाद्री-शेठ यांसारखे लठ्ठ लोक असे चार गट मृदंगम्, घटम्, खंजिरा व मोरसिंग यांच्या तालावर आधी नाचतात आणि मग आपापसांत लढून मरतात. बंगालच्या सामाजिक इतिहासाचे इतके संक्षिप्त आणि इतके खोडकर दफ्तर क्वचितच कोणी लिहिले असेल.

अशा कृतीनंतर त्याच कथेला हात घालणे धाडसाचेच. शिल्पा रानडे यांनी बंगाली कथा हिंदीत आणली. त्यांच्या पात्रांची सपाट, दुपरिमाणी घडण परदेशी राजकन्यापटांच्या गुळगुळीत मुखवट्यांपेक्षा आपल्या लोकचित्रांशी व बाहुल्यांशी अधिक नाते सांगते. नायक देखणा असलाच पाहिजे, हा दंडकही येथे चालत नाही. याच्या काही वर्षे आधी, २००९ साली, डिस्ने संस्थेने ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’मध्ये टियाना ही आपली पहिली कृष्णवर्णीय राजकन्या पडद्यावर आणली, आणि तिच्या राजपुत्राचे नाव, मराठी कानांना गंमत वाटावी असे, नवीन ठेवले, परंतु चित्रपटाचा बराच काळ ती बेडकीच राहते, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. चेहरा द्यावा आणि लगेच झाकावा, तशातला हा प्रकार. गुपी-बाघांचे चेहरे कोणी झाकीत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र ही कथापरंपरा कृपण आहे. रायांच्या चित्रपटात राजकन्या येतात त्या जवळजवळ शेवटी, आणि त्याही नायकांच्या पदरात पडण्यासाठी.