वाटेचे मोल कोणी द्यावे?



जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. तुमच्यापैकी कित्येक शिक्षकांनी तेथे मुलांची सहल नेली असेल. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने वर देशावर येई. घाटमाथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात या रांजणात टाकीत, असे आपल्याकडे पूर्वापार सांगतात.

रस्ता आला की त्यामागोमाग कर हा आलाच. रस्ता काही आभाळातून पडत नाही. तो कोणीतरी फोडावा लागतो, बांधावा लागतो आणि दर पावसाळ्यानंतर डागडुजी करून राखावा लागतो. तेव्हा वाटेचे मोल द्यावे की नाही, हा खरा वाद नव्हे. खरा वाद आहे तो मापाचा. हे मोल मोजायचे कशावर? नाक्यावरून गेलेल्या गाडीवर, गाडीने जाळलेल्या तेलावर, की चाललेल्या मैलांवर? माप बदलले की ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. ही तिन्ही मापे एकाच मुलखात, एकामागून एक कशी आली, ते आज पाहू. तो मुलूख म्हणजे अमेरिकेतले ऑरेगन राज्य.

ऑरेगन हे पॅसिफिक महासागराच्या काठी आहे. त्याचा नकाशा आपल्याला ओळखीचाच वाटेल. आपल्या सह्याद्रीसारखी तेथे कॅस्केड नावाची पर्वतरांग उत्तर-दक्षिण उभी आहे. तिच्या पश्चिमेला भरपूर पाऊस, विलामेट नदीचे सुपीक खोरे आणि राज्यातली बहुतेक लोकवस्ती. पूर्वेला पर्जन्यछायेचा कोरडा, विरळ वस्तीचा, लांबच लांब पसरलेला प्रदेश.

१८४० नंतरच्या काळात पूर्वेकडची शेतकरी कुटुंबे बैल जुंपलेल्या गाड्यांतून हजारो मैल तुडवीत येथे येऊ लागली. शेवटी पर्वत आडवा येई. मग गाड्या तराफ्यांवर चढवून कोलंबिया नदीतून न्याव्या लागत, आणि त्यात माणसे व सामान बुडत. १८४६ साली सॅम्युएल बार्लो याने हूड पर्वताला वळसा घालून गाडीरस्ता काढला. दर गाडीला ५ डॉलर आणि दर जनावराला १० सेंट असा त्याचा टोल होता. मजल दरमजल करीत आलेल्या कुटुंबाच्या गाठीला तोवर फारसे काही उरलेले नसे. काहींनी पैशांऐवजी घरातली चीजवस्तू देऊन नाका ओलांडला. माप सोपे होते, पण नाक्यावरच्या माणसाला समोरच्याची ऐपत दिसत नाही.

पुढे मोटारी आल्या. १९१९ साली बार्लोचा रस्ता राज्याच्या मालकीचा झाला, आणि त्याच वर्षी ऑरेगनने अमेरिकेत सर्वांत आधी पेट्रोलवर रस्त्यांसाठी कर बसवला. एका गॅलनला, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरांना, १ सेंट! ही युक्ती फार नामी होती. नाका नको, पावती नको, गाडी थांबवणे नको. जो जास्त फिरेल तो जास्त पेट्रोल जाळील, आणि जास्त कर देईल. शिवाय परराज्यातला पाहुणाही पेट्रोल भरताना आपला वाटा देऊन जाई. दहाच वर्षांत, १९२९ पर्यंत, तेव्हाच्या सर्व ४८ राज्यांनी हा कर उचलला.

पण मोटारी बदलल्या. कमी पेट्रोलवर जास्त पळणाऱ्या गाड्या आल्या, मग विजेवर चालणाऱ्या आल्या. विजेची गाडी रस्ता वापरते, पण पेट्रोलचा कर तिला शिवतही नाही. रस्त्याची झीज तीच, तिजोरीत भर मात्र कमी! तेव्हा २००१ साली ऑरेगनने यावर विचार करण्यासाठी समिती नेमली, दोनदा प्रयोग करून पाहिले आणि १ जुलै २०१५ पासून राजीखुशीची एक योजना सुरू केली. दर मैलाला दीड सेंट द्यायचा, आणि भरलेला पेट्रोल-कर त्यातून वजा करून घ्यायचा.

झाले, लांबच्या वाटेने जाणारे लोक धास्तावले! पूर्व भागातल्या माणसाला बाजार लांब, दवाखाना लांब. त्यांच्याबरोबर आणखी एक मंडळी होती, ती म्हणजे शिकारी. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तिकडे ती परवान्याने, ठरावीक मोसमात, ठरावीक संख्येत चालते, आणि कित्येक घरांत ते मांस पुढे महिनोन्महिने पुरते. विलामेटच्या खोऱ्यातला शिकारी हरणांच्या किंवा एल्क या थोरल्या सांबरासारख्या जनावराच्या मागे थेट पूर्वेच्या डोंगरांत जातो. तीनशे मैल जाणे, तीनशे मैल येणे. मैलावर कर म्हणजे आमच्यावरच कर, असे त्याला वाटणे साहजिक आहे.

आता गुरुजी, हे गणित फळ्यावर मांडा. २०१५ साली तेथे पेट्रोलवर राज्याचा कर होता गॅलनला ३० सेंट. शिकाऱ्याची पिकअप गाडी जड; ती गॅलनला १५ मैल जाते असे धरू. सहाशे मैलांना ४० गॅलन, म्हणजे पेट्रोल-कर झाला १२ डॉलर. मैलाच्या मापाने? सहाशे मैलांचे ९ डॉलर. म्हणजे धास्तावलेल्या शिकाऱ्याचे ३ डॉलर उलट वाचले! गॅलनला ४० मैल जाणाऱ्या छोट्या गाडीला त्याच अंतराला पेट्रोल-कर पडे साडेचार डॉलर. तिला आता पडतील ९. विजेच्या गाडीचा पेट्रोल-कर शून्य, तिलाही ९. वीस मैलांच्या गाडीला दोन्ही मापे सारखीच. तेव्हा ओरड करण्याआधी पाटी-पेन्सिल घ्यावी, हा या गोष्टीतला पहिला धडा.

पण शिकाऱ्याची तक्रार तेवढ्याने संपत नाही, आणि येथे मात्र त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. खासगी जमिनीवर किंवा शेजारच्या आयडाहो राज्यात चाललेले मैल या करातून वगळता येतात. पण त्यासाठी गाडी कोठे कोठे गेली, हे यंत्राला कळावे लागते. ज्याला आपले ठिकाण सांगायचे नाही, त्याने नुसते मैल मोजणारे यंत्र बसवावे. मग सगळेच मैल धरले जातात. आणि जनावर कोठे सापडते, ही गोष्ट कोणता शिकारी चारचौघांत सांगतो? बार्लोच्या नाक्याने फक्त गाडी मोजली, पेट्रोलच्या कराने फक्त तेल मोजले. हे नवे माप माणसाची वाटच विचारू पाहते. म्हणून हिशेब मिटल्यावर ठिकाणाची नोंद ३० दिवसांच्या आत नष्ट करावी, असे बंधन कायद्यातच घालावे लागले.

शिकारी हे करालाच विटलेले लोक आहेत, असे मात्र समजू नका. १९३७ सालच्या एका कायद्याने बंदुका व काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी राज्यांना वाटून देण्याची व्यवस्था झाली. शिकारी हा कर भरत आले आहेत, आणि कित्येक जण ही गोष्ट अभिमानाने सांगतात. कारण उघड आहे. आपला पैसा कोठे गेला ते त्यांना रानात गेल्यावर दिसते.

आता जरा आपल्या घरी या. ऑरेगनने मैल मोजायला सुरुवात केली त्याच्या बरोबर एक महिना आधी, १ जून २०१५ पासून, महाराष्ट्र शासनाने १२ टोलनाके बंद केले आणि आणखी ५३ नाक्यांवर लहान मोटारी व एस.टी. यांना टोल माफ केला. प्रवासी सुखावले, आणि ते योग्यच होते. पण माफ झालेला टोल हवेत विरत नाही. कंत्राटदाराची भरपाई सरकारी तिजोरीतून होते, आणि त्या तिजोरीत ज्याच्या दारी सायकलदेखील नाही त्या मजुराचाही पैसा असतो. एस.टी.चा टोल माफ झाला तर त्याचे थोडेफार भले आहे. मोटारवाल्याच्या माफीचे काय? याचे उत्तर मी देत नाही. तुम्ही चावडीवर आणि वर्गात त्याची चर्चा करावी.

इतिहास एवढेच सांगतो की, कोणतेही माप कायमचे न्याय्य राहत नाही. गाड्या बदलतात, माप जुने होते, आणि कोणाला ना कोणाला ते काचू लागते. म्हणून रस्त्याचा नवा कर आला की तीन गोष्टी विचाराव्यात : मोजणार काय? ते पडणार कोणावर? आणि पैसा दिसणार कोठे? वाटेचे मोल द्यायला सामान्य माणूस कधी कचरत नाही. फक्त तराजू कोणाच्या हातात आहे आणि तो कसा धरला आहे, हे त्याला समोर दिसले पाहिजे.