इंग्रजीनें प्रत्यय टाकले त्याची हकीकत

'साप बेडूक खातो' असें म्हटलें म्हणजे कोणी कोणाला खाल्लें याविषयीं मराठी माणसाच्या मनांत संदेह राहत नाहीं. आतां हेच तीन शब्द घेऊन 'बेडूक साप खातो' असें म्हणा. बिचाऱ्या सापावर मरण ओढवतें. शब्द तेच आहेत, प्रत्यय कोणालाच लागलेला नाहीं. केवळ जागा बदलली आणि सारा अर्थ उलटा झाला. पण 'मांजर उंदीर खातें' हें वाक्य घ्या. 'उंदीर मांजर खातें' असें कितीही फिरविलें तरी उंदराची सुटका नाहीं. कारण 'खातें' हें नपुंसकलिंगी रूप मांजराच्या बाजूनें साक्ष देतें. आणि 'सापानें बेडूक खाल्ला' असें म्हटल्यावर तर शब्द कोणत्याही क्रमानें मांडावे. 'ने' हा प्रत्यय सापाच्या गळ्यांत पट्ट्यासारखा अडकलेला असतो. रांगेंत तो कोठेंही उभा राहिला तरी ओळखूं येतो.

वाक्यांतल्या शब्दांचीं नातीं सांगण्याच्या या दोन युक्त्या आहेत. एक, शब्दाच्या शेवटाला खूण बांधणें. दुसरी, शब्दाला रांगेंत जागा नेमून देणें. मराठींत दोन्ही सुखानें नांदतात. आजच्या इंग्रजींत पहिली जवळजवळ लोपली आहे. त्या भाषेंत कुत्रा माणसाला चावला कीं माणूस कुत्र्याला, हें सर्वस्वीं क्रियापदाच्या अलीकडे कोण उभा आहे यावर ठरतें. शाळेंत इंग्रजी शिकतांना या शिस्तीचा काच आपणांपैकीं प्रत्येकानें सोसला आहे, आणि म्हणून इंग्रजी ही जन्मापासूनच अशी असावी असा पुष्कळांचा समज असतो. ती तशी नव्हती. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजाला आजच्या इंग्रजाचें वाक्य जितकें परकें वाटलें असतें, तितकें कदाचित् आपल्या संस्कृताचें वळण वाटलें नसतें.

राजा आल्फ्रेड यांच्या काळची, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या अखेरची इंग्रजी पाहा. दगडाला तेव्हां 'स्तान' म्हणत. आणि या एका शब्दाचीं स्तान, स्तानेस, स्ताने, स्तानास, स्ताना, स्तानुम अशीं सहा वेगवेगळीं रूपें विभक्ति व वचन यांप्रमाणें होत. आज कानाला दोनच उरलीं आहेत. नामापूर्वीं येणारें जें इवलेंसें दर्शक पद आज एकाच रूपानें सर्वत्र मिरवतें, तेंही तेव्हां विभक्तीप्रमाणें बदले : राजा कर्ता असेल तर 'से क्युनिंग', कर्म असेल तर 'थोने क्युनिंग', राजाचा असेल तर 'थॅस क्युनिंगेस'. मौज अशी कीं, 'राजा' हा शब्द कर्ता व कर्म या दोन्ही ठिकाणीं तसाच राही. भेद सारा त्या इवल्या पदावर. तें पद ढिलें पडलें तर वाक्याचें काय होईल, ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

लिंगेंही तीन होतीं, आणि तीं आपल्याइतकींच लहरी होतीं. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि पत्नी या अर्थाचा 'वीफ' शब्द चक्क नपुंसकलिंगी! संस्कृतांत 'कलत्र' नपुंसक आणि 'दार' पुल्लिंगी बहुवचनी आहे हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीं इंग्रजांना हंसूं नये. शिवाय गौण वाक्यांत क्रियापद बहुधा शेवटीं जाई, अगदीं आपल्यासारखें.

ही इमारत कशी ढासळली तें एकाच पोथींत पाहावयास सांपडतें, हें आपलें मोठें भाग्य. पूर्व इंग्लंडांतील पाणथळ प्रदेशाच्या कडेला पीटरबरो येथें एक मठ होता. 1116 सालीं त्याला आग लागली आणि ग्रंथ जळाले. मठवासीयांनीं दुसरीकडून आल्फ्रेड-कालापासून चालत आलेल्या राष्ट्रीय बखरीची प्रत मागून आणली आणि 1121 पर्यंतचा वृत्तांत नव्यानें नकलून काढला. नक्कल केलेला हा भाग जुन्या, शिष्ट, विभक्तिसंपन्न भाषेंत आहे. पुढें मात्र मठांतल्या लेखकांना वर्षावर्षाची हकीकत स्वतःच लिहावी लागली, आणि समोर नमुना नसल्यामुळें त्यांच्या लेखणींतून तोंडची भाषा उतरूं लागली. शेवटचा भाग 1132 ते 1154 या काळाचा आहे. राजा स्टीफन यांच्या अमदानींत सरदारांनीं बांधलेले किल्ले, रयतेचा छळ, ओस पडलेलीं गांवें यांचें त्यांत फार हृदयद्रावक वर्णन आहे. पण भाषेचा अभ्यासक तीच पानें निराळ्या कारणासाठीं उलटतो. पिढीभरापूर्वीं ज्या मठांत 'से' आणि 'थोने' यांचा भेद काटेकोरपणें नकलला गेला, तेथेंच आतां सर्व लिंगांना, सर्व विभक्तींना बहुतेक ठिकाणीं 'थे' हें एकच पद पुरतें. प्रत्यय झडले आहेत आणि शब्द आपापल्या जागा धरूं लागले आहेत.

आतां कोणी असें समजूं नये कीं, भाषा पिढीभरांत कोसळली. बोलण्यांत ती फार आधींपासून बदलत होती; लेखी भाषा जुना अंगरखा घालून बसली होती इतकेंच. आग लागली नसती तर तो अंगरखा आणखी कांहीं वर्षें अंगावर राहिला असता.

मग प्रत्यय झडले कां? सर्वसाधारण माणूस उत्तर देतो कीं, 1066 सालीं नॉर्मन राजा विल्यम यांनीं इंग्लंड जिंकलें, फ्रेंच ही दरबारची भाषा झाली, आणि इंग्रजी खेडवळांच्या तोंडीं जाऊन विटली. हें उत्तर मला अर्धेंमुर्धेंच खरें वाटतें. फ्रेंच अंमलानें इंग्रजीला हजारों शब्द दिले आणि तिच्यावरचा शिष्टांचा पहारा उठविला, हें कबूल. न्यायसभेंत तोंडी कामकाज इंग्रजींत चालावें असा कायदा होण्यास 1362 साल उजाडावें लागलें. परंतु पडझड विल्यम यांच्या आधींच सुरू झाली होती, आणि ती दक्षिणेकडे मागाहून व उत्तरेकडे आधीं झाली. उत्तरेकडे कोण होते? डेन लोक.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धांत डेन लोकांच्या टोळ्या इंग्लंडांत उतरल्या आणि उत्तर व पूर्व भागांत कायमच्या वस्ती करून राहिल्या. पीटरबरो त्याच मुलखांतलें. या लोकांची भाषा इंग्रजीची सख्खी चुलत बहीण. दगडाला हे 'स्टेइन' म्हणत. अनेक दगड असले तर इंग्रज 'स्तानास' म्हणे, डेन 'स्टेइनार'. मूळ शब्द एकमेकांना समजे, घोटाळा काय तो शेपटाचा. बाजारांत गाय विकावयाची आहे, शेजारणीकडून विस्तव आणावयाचा आहे, अशा वेळीं दोघेही शेपूट गिळून मूळ शब्दावर जोर देणार. मिश्र वस्तींतल्या मुलांच्या कानीं जें पडलें तेंच त्यांची मातृभाषा झालें. या संबंधाची साक्ष अजून जिवंत आहे : 'ते', 'त्यांना', 'त्यांचा' या अर्थांचीं आजचीं इंग्रजी सर्वनामें त्या डेन मंडळींकडून आलेलीं आहेत. शब्द उसने घेणें नित्याचें. सर्वनामें उसनीं घेणें म्हणजे एका चुलीवर जेवणें होय.

याच्या जोडीला एक घरचेंच कारण होतें. इंग्रजी उच्चाराचा सारा आघात शब्दाच्या आरंभीं पडतो. आरंभीं जोर दिला कीं शेवट पुटपुटला जातो. 'आ', 'ओ', 'उ' हे अंत्य स्वर एकाच अस्फुट स्वरांत विरले, आणि ज्या खुणा स्वरांनीं वेगळ्या राहत त्या एकसारख्या झाल्या. आधीं प्रत्यय गेले म्हणून क्रम पक्का झाला, कीं क्रम बसत आला होता म्हणून प्रत्यय निरुपयोगी होऊन गेले, यावर पंडितांत वाद आहे. माझ्या मतें दोन्ही क्रिया हातांत हात घालून चालल्या.

या स्थित्यंतरांत वाक्यांतला माणूस कसा उलटा झाला, तें पाहण्यासारखें आहे. जुन्या इंग्रजींत 'राजाला नासपती आवडल्या' असेंच म्हणत. राजा चतुर्थींत, नासपती कर्ता, आणि क्रियापद नासपतीप्रमाणें अनेकवचनी. आपलें 'मला आंबे आवडतात' हुबेहूब. ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडितांनीं अशाच एका कल्पित वाक्यावरून पुढची पायरी समजावून दिली आहे. राजाच्या मागचा चतुर्थीचा प्रत्यय झडला. क्रियापदाचा अनेकवचनी प्रत्ययही झिजला. आतां वाक्य उरलें : 'राजा आवडल नासपती.' तोंवर क्रियापदाच्या अलीकडे उभा असेल तो कर्ता, अशी ऐकणाऱ्याच्या कानाला संवय झाली होती. त्यानें पहिल्या जागेवर राजा पाहिला आणि त्यालाच कर्तेपण बहाल केलें. 'राजाला रुचणें' हा नासपतीचा व्यापार होता, तो राजाचा व्यापार झाला; क्रियापदाचा अर्थच फिरला. कोणी ठराव केला नाहीं, कोणी आज्ञापत्र काढलें नाहीं. सर्वनामांत प्रत्यय शाबूत राहिले होते, म्हणून तेथें जुनी रीति अधिक काळ टिकली. 'मला वाटतें' या अर्थाचा चतुर्थीचा जुना प्रयोग शेक्सपिअर यांच्या नाटकांतून, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत, वारंवार भेटतो.

गंमत पुढेंच आहे. भाषेनें विभक्ति टाकून दिल्यावर विद्वानांना तिच्यांत विभक्ति शोधण्याची बुद्धि झाली. इंग्रजीचें पहिलें छापील व्याकरण विल्यम बुलोकर यांनीं 1586 मध्यें प्रसिद्ध केलें. इंग्रजीलाही लॅटिनप्रमाणें नियम आहेत, ती रानटी भाषा नव्हे, हें त्यांना सिद्ध करावयाचें होतें. तेव्हां सांचाही लॅटिनचाच घेतला. 1653 मध्यें जॉन वॉलिस यांनीं याविरुद्ध तक्रार केली. गणितांत अनंताचें चिन्ह रूढ करणारे तेच हे वॉलिस. लॅटिनच्या विभक्ति आणि लिंगें इंग्रजीवर लादल्यानें प्रकाश पडत नाहीं, गोंधळ मात्र वाढतो, असें त्यांचें म्हणणें; आणि हें म्हणणें त्यांनीं मांडलें तें लॅटिनमध्यें! कवि ड्रायडन यांनीं शब्दयोगी पद वाक्याच्या शेवटीं टाकण्याला 1672 मध्यें नांवें ठेविलीं, आणि 1684 सालीं स्वतःच्याच जुन्या निबंधाच्या दुसऱ्या आवृत्तींतून तशीं पदें वेंचून काढलीं. 1762 मध्यें पाद्री रॉबर्ट लोथ यांचें व्याकरण निघालें. त्यांत थोरथोर ग्रंथकारांच्या चुका तळटिपांत टांगलेल्या आहेत.

या परंपरेचा सर्वांत यशस्वी वारस मात्र जन्मानें अमेरिकन होता. लिंडली मरे यांचा जन्म 1745 सालीं पेनसिल्वेनियांत झाला. न्यूयॉर्कमध्यें वकिली करून ते 1784 मध्यें इंग्लंडांत आले, आणि यॉर्क शहराजवळ राहिले. पायांतली शक्ति गेल्यामुळें त्यांचा बहुतेक काळ खुर्चीवरच जाई. शेजारच्या मुलींच्या शाळेंतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्यांनीं 1795 सालीं एक व्याकरण लिहिलें. तें इंग्लंड-अमेरिकेच्या शाळाशाळांतून असंख्य आवृत्त्यांनीं पसरलें, आणि इंग्रजी राज्याच्या पाठोपाठ आपल्याकडेही पोंचलें.

1836 सालीं मुंबईस बावीस वर्षांच्या दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध केलें. मराठी माणसानें मराठींत रचलेल्या अगदीं आरंभींच्या व्याकरणांत त्याची गणना आहे, आणि त्याच्या मांडणीवर मरे यांची छाप स्पष्ट दिसते. दादोबांची अडचण ध्यानांत घ्यावी. एका हाताला संस्कृताच्या आठ विभक्ति, दुसऱ्या हाताला लॅटिनच्या मुशींतून यॉर्कमार्गे आलेलें इंग्रजी व्याकरण, आणि मध्यें मराठी, जिनें संस्कृत प्रत्यय केव्हांच टाकून देऊन सामान्यरूपावर स्वतःचे नवे प्रत्यय चढविले होते. इंग्रजीनें प्रत्ययांची उणीव नामाच्या अलीकडे पदें ठेवून भरून काढली, मराठीनें तीं पलीकडे जोडलीं. तोटा दोघींनाही सारखाच झाला होता. दादोबांनीं पुढल्या आवृत्त्यांत पुष्कळ फेरफार केले, वाद झाले, आणि 1911 मध्यें मोरो केशव दामले यांनीं आपल्या प्रचंड 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त या पूर्वसूरींची कसून झडती घेतली.

त्या वादांचा एक लहानसा तुकडा आमच्या वर्गांतही आला होता. मास्तर व्याकरण चालवीत होते. वाक्य होतें 'मला कैरी आवडते.' कर्ता कोणता, म्हणून विचारल्यावर शेजारचा मुलगा म्हणाला, 'मी'. मास्तरांनीं सांगितलें कीं, कर्ता कैरी. आंबा असता तर 'आवडतो' झालें असतें, क्रियापद तिच्याप्रमाणें बदलतें. मुलगा ऐकेना. "पण गुरुजी, कैरीला काय कळतें? आवड तर माझी आहे!" वर्ग हंसला आणि त्याला तास संपेपर्यंत बांकावर उभें राहावें लागलें. पुष्कळ वर्षांनीं राजाची आणि नासपतीची गोष्ट वाचली तेव्हां मला तो मुलगा आठवला. इंग्रज लोकांनीं जें तीनशें वर्षांत केलें, तें तो एका तासांत करूं पाहत होता. त्याच्या आड आली ती 'आवडते' या क्रियापदाच्या शेवटची एक मात्रा.