फेटा बांधण्याआधी पंखावर वाळूची पोती ठेवा

गावातल्या पोराने विमान केलं की आपण त्याला फेटा बांधतो आणि परवानगी न देणाऱ्या सरकारला शिव्या घालतो. कौतुक हवंच. पण एक जुनी गोष्ट ऐका.

फ्रान्समध्ये आंरी मिन्ये या हौशी माणसाने १९३३ मध्ये एक चिमुकलं विमान उडवलं. लाकूड, कापड आणि छोटं इंजिन. नाव 'उडती पिसू'. मागचा पंख पक्का, पुढचा बिजागरीवर. दांडा ओढला की अख्खा पुढचा पंखच कलायचा. म्हणजे पंखाची जोडणी हेच सुकाणू! १९३४ मध्ये त्याने कृतीचं पुस्तक काढलं, पुढच्या वर्षी ते इंग्रजीत आलं आणि लोक घरोघरी विमानं ठोकायला लागले.

मग माणसं मरायला लागली. घरचं काम, एखादा सांधा कच्चा राहिला असेल, असं म्हणणं सोपं होतं. पण १९३६ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये पूर्ण आकाराचं विमान वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं, तेव्हा कळलं की दोष आराखड्यातच होता. नाक ठरावीक कोनापलीकडे खाली गेलं की दोन पंखांमधला वारा ते आणखी खाली दाबायचा. दांडा कितीही ओढा, उपयोग शून्य. सांधे कितीही चोख असले तरी माणूस वाचला नसता.

आता सांध्याचं बघा. ६० अंश कलून, उंची न सोडता वळण घेतलं की पंखांवरचा भार दुप्पट होतो. तो सगळा पंखाच्या मुळाशी, चार बोटांच्या पट्ट्यांवर आणि बोल्टांवर येतो. बाजारातला कुठल्या पोलादाचा ते माहीत नसलेला बोल्ट जमिनीवर मजबूतच दिसतो. म्हणून पंख उलटा करून त्यावर वाळूची पोती रचतात आणि हवेत येईल त्याहून जास्त भार देऊन बघतात. मोडायचाच तर तिथे मोडू दे.

२०२१ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना एक तरुण गेला. त्याच्यात हुनर होतं. सोबत तपासणारं कुणी हवं होतं.

परवानगीला उशीर लागतो यावर जरूर भांडू. पण मागणी नुसत्या शिक्क्याची नको. जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी आणि आयटीआयने अशा पोरांचे सांधे, पंख तपासून द्यावेत, ही हवी. फेटा त्यानंतर बांधू.