नाताळची पक्षिगणना

नाताळ म्हटला की मध्यरात्रीची मिस्सा, गव्हाणी आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ह्याच सणाला पाखरांची शिकार करण्याची प्रथा उत्तर अमेरिकेत एकेकाळी होती, हे ऐकून आज नवल वाटेल. एकोणिसाव्या शतकात तेथील पुरुष दोन गट पाडीत, बंदुका घेऊन रानात शिरत आणि दिसेल तो पशुपक्षी टिपीत. सायंकाळी ज्या गटाचा ढीग मोठा, तो गट विजयी ठरे.

त्या काळी पाखरे अगणित भासत. आणि जे अगणित ते कधी संपणार नाही, असा लोकांचा समज होता. तेथील प्रवासी कबुतरांचे थवे आकाश झाकून टाकीत. अब्जावधींच्या ह्या जातीची माणसाने बेसुमार कत्तल केली. तिचे शेवटचे कबूतर, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावले.

दुसरे संकट फॅशनचे होते. १८८६ साली फ्रँक चॅपमन ह्या तरुण पक्षिप्रेमीने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोन दुपारी हिंडून स्त्रियांच्या ७०० टोप्या पाहिल्या. त्यांपैकी ५४२ टोप्या पिसांनी वा मृत पक्ष्यांनी सजविलेल्या होत्या. पुढे हाच चॅपमन ‘बर्ड-लोअर’ नियतकालिकाचा संपादक झाला. १९०० सालच्या डिसेंबरात त्याने वाचकांना साधी सूचना केली: यंदा नाताळला पाखरे मारू नका, मोजा. त्या २५ डिसेंबरला २५ ठिकाणी २७ जण बाहेर पडले. त्यांनी सुमारे ९० जातींचे १८,५०० च्या आसपास पक्षी नोंदविले. ही गणना तेव्हापासून अखंड चालू आहे. आता ती १४ डिसेंबर ते ५ जानेवारी ह्या काळात होते.

तिची पद्धत शिकण्याजोगी आहे. सुमारे २४ किलोमीटर व्यासाचे वर्तुळ आखून त्याचे भाग पाडतात आणि प्रत्येक तुकडीला तिची वाट आधीच नेमून देतात. दिसलेल्या पाखरांबरोबर केवळ आवाजावरून ओळखलेलीही मोजतात. ज्यांना फिरणे जमत नाही, ते आपल्या परसातली पाखरे मोजून कळवितात. दरवर्षी तेच वर्तुळ असल्यामुळे एका वर्षाची तुलना दुसऱ्याशी करता येते.

ह्या चिकाटीचे मोल पुढे कळले. अशा अनेक गणनांच्या आधारे २०१९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, १९७० पासून उत्तर अमेरिकेतील सुमारे २९० कोटी पक्षी घटले आहेत. त्यांत दुर्मीळ पाखरांपेक्षा नित्य दिसणाऱ्या, चिमणीसारख्या लहान पाखरांची हानी मोठी आहे. जे रोज दिसते त्याकडेच आपले दुर्लक्ष होते, हा त्यातला धडा होय.

आपल्या देशातही २०१३ पासून फेब्रुवारीत चार दिवस परसातील पक्ष्यांची गणना होते. किमान पंधरा मिनिटे एका जागी पाहावे आणि नोंद करावी, इतकीच तिची अपेक्षा. शाळकरी मुलालाही हे जमते.

आमच्यापैकी अनेकांच्या बालपणी नाताळच्या सुटीचा अर्थ बेचकी असा होता. बुलबुल, साळुंकी, होला, जे समोर येईल त्यावर खडा मारण्यात आम्हांस पराक्रम वाटे. किती पाडली हे आम्ही अभिमानाने सांगत असू. वाडीत किती उरली, हे मात्र कोणी मोजले नाही. म्हणून आज मुलांना पूर्वीची पाखरे सांगताना आमच्यापाशी केवळ आठवणी आहेत, आकडा एकही नाही.

ह्या नाताळच्या सुटीत आपल्या मुलांसह एक सकाळ राखून ठेवावी. वाडीतली वा तळ्याकाठची एकच वाट निवडावी, सूर्योदयाला निघावे, दिसेल ते वहीत लिहावे आणि पुढल्या वर्षी त्याच वाटेने पुन्हा जावे. एखादे ओळखीचे पाखरू दिसले नाही, तर त्याच्या नावापुढे शून्य लिहावे. ते शून्य आम्ही वेळीच लिहावयास हवे होते.